चंदीच्या तटावरून

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसास आपले वाटावे असे एक स्थळ चेन्नईपासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर आहे. तिंडिवनमपाशी महामार्ग सोडून आम्ही तिरुवण्णामलैच्या रस्त्यास लागलो. भात व भुईमुगाची शेते मागे पडता पडता प्रचंड शिळांच्या राशी एकदम समोर उभ्या राहिल्या. तीच जिंजी; तमिळांची सेंजी आणि आपल्या बखरकारांची चंदी.

राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रगिरी या तीन टेकड्या तटाने जोडून आत जणू एक गावच सामावलेले आहे. धान्याची कोठारे, तलाव, कल्याण महाल, वेंकटरमणाचे देऊळ व सादतुल्लाखानाची मशीद पाहता पाहता ऊन डोक्यावर आले. राजगिरीच्या माथ्याजवळील खोल घळीवरचा पूल ओलांडला, तेव्हा हा गड वर्षानुवर्षे कसा झुंजला याचा उलगडा झाला.

१६७७ साली शिवाजी महाराजांनी हा गड विजापूरकरांकडून घेतला व त्याची तटबंदी नव्याने बळकट केली. त्या दूरदृष्टीचे मोल बारा वर्षांनी कळले. १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला, आणि राजाराम महाराज वेषांतर करून या दूरच्या गडावर पोहोचले. १६९० साली झुल्फिकारखानाने घातलेला वेढा कधी आवळत, कधी सैल होत १६९८ पर्यंत चालला. बाहेरून संताजी घोरपडे व धनाजी जाधव मोगलांची रसद तोडीत. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य राज्य सांभाळीत. अखेर गड पडला. परंतु राजाराम महाराज त्यापूर्वीच निसटले होते. गड गेला, राज्य राहिले.

त्या वेढ्याची झळ भोवतालच्या तमिळ रयतेसही लागली असणार, हे आपण विसरू नये. येथील लोक आजही १७१४ साली नवाबाशी लढताना पडलेल्या राजा देसिंगाची कथा सांगतात. पायथ्याच्या पहारेकऱ्याने ती तमिळमध्ये सांगितली, आणि आमच्या मुलांना तिचा शब्द न् शब्द समजला. राजाराम महाराजांची हकिकत मात्र त्यांनी पूर्वी ऐकलीच नव्हती. दोष मुलांचा नव्हे. ती सांगावयाची आम्हीच राहून गेलो होतो. परतीच्या वाटेवर ती सांगितली.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. बारावा आपल्या या शेजारी आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने मुलांसह एकदा तेथे जावे, आणि दोन्ही कथा, दोन्ही भाषांत, त्यांच्या कानी घालाव्यात.