चाकाखाली रुळाचे काय होते

भरलेल्या मालडब्याच्या एका आसावर आपल्या रेल्वेच्या बहुतेक मार्गांवर २२.९ टनांपर्यंत भार येतो. म्हणजे एका चाकावर साडेअकरा टनांच्या आसपास. हा सगळा भार चाकाकडून रुळाकडे जातो तो जेमतेम सव्वा चौरस सेंटीमीटर जागेतून. भागाकार केला तर सरासरी दाब ९०० मेगापास्कल येतो, आणि संपर्काच्या मध्यभागी त्याच्या दीडपट, सुमारे १३५० मेगापास्कल. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात असलेल्या ८८० ग्रेडच्या रुळाची नमुनापट्टी यंत्रात धरून ओढली, तर ८८०च्या थोडे पुढे ती तुटते आणि त्याच्या निम्म्याच्या आसपासच कायमची लांबू लागते. मग हा रूळ पहिल्याच मालगाडीखाली चपटा का होत नाही?

कारण धातू नुसत्या दाबाने वाहत नाही, तो कर्तनाने, म्हणजे थरावरून थर सरकवू पाहणाऱ्या बलाने, वाहतो. ओढलेल्या पट्टीला बाजूंनी कोणाचा आधार नसतो. चाकाखालच्या पोलादाला मात्र चहूबाजूंनी पोलादच आवळून धरते. तिन्ही दिशांचे दाब जवळपास सारखे झाले की त्यांच्यातला फरक, म्हणजेच कर्तन, लहान राहते. संपर्कातल्या दाबाचे हे गणित हाइन्रिख हर्ट्झ याने १८८१ मध्ये मांडले. बर्लिनमध्ये तो तेव्हा काचेची भिंगे एकमेकांवर दाबल्यावर दिसणाऱ्या न्यूटनच्या वलयांचा विचार करत होता. रेल्वेशी त्या प्रश्नाचा काही संबंध नव्हता. त्याच्या सूत्रांतून पुढे निघालेला निष्कर्ष असा की घर्षण नसेल तर सर्वांत मोठे कर्तन पृष्ठभागावर नसून खाली, रुळाच्या बाबतीत तीन-चार मिलिमीटर खोल असते. त्याची किंमत मध्यबिंदूच्या दाबाच्या जेमतेम तीन-दशांश.

तरीही आपल्या १३५०च्या आकड्याला खालचे पोलाद थोडे वाहतेच. पण पहिल्या काही चाकांखाली वाहिलेला तो भाग नंतर आजूबाजूच्या न वाहिलेल्या धातूत अडकून दाबाखाली राहतो. हे अवशिष्ट प्रतिबल पुढच्या चाकाच्या कर्तनाला काही अंशी छेद देते. शिवाय पोलाद वाहताना कठीण होते आणि माथा किंचित सपाट होऊन संपर्काची जागाही वाढते. त्यामुळे नवा रूळ सुरुवातीला थोडा बसतो आणि मग स्थिरावतो. नुसत्या अवशिष्ट प्रतिबलामुळेच, पहिल्यांदा वाहण्याला लागणाऱ्या दाबापेक्षा पंचवीस-तीस टक्के जास्त दाब तो पुढे विनातक्रार सोसू शकतो.

असाच संपर्क बेअरिंगमध्येही होतो, पण तिथे वंगण असते, घर्षण नगण्य, म्हणून तिथे धोका खरोखरच पृष्ठभागाखाली असतो. पोलादात राहून गेलेला ऑक्साइडचा एखादा कण त्या खोलीवर सापडला की त्याच्या कडेने तडा सुरू होतो आणि शेवटी वरचा पापुद्रा निघून खळगा पडतो. कोणत्या बेअरिंगमध्ये कण कुठे असेल हे सांगता येत नाही, म्हणून लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या संशोधकांनी १९४७ मध्ये आयुष्याची व्याख्याच संभाव्यतेवर केली: शंभरातली नव्वद बेअरिंगे जितके फेरे पार करतील तितके आयुष्य. बॉल-बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर हे आयुष्य आठव्या हिश्श्यावर येते.

रुळाची गोष्ट वेगळी, कारण रुळाला घर्षण हवेच असते. ते नसेल तर इंजिन जागच्या जागी चाके फिरवत राहील. मालगाड्या ओढणारे डब्ल्यूएजी-९ इंजिन सुमारे १२३ टनांचे आहे आणि गाडी हलवताना सुमारे ४६० किलोन्यूटन ओढ देते. वजनाशी हे प्रमाण ०.३८ पडते. स्पर्शरेषेतले बल दाबाच्या तीन-दशांशांच्या पुढे गेले की सर्वांत मोठे कर्तन खोलीतून उठून थेट पृष्ठभागावर येते, आणि तिथे अवशिष्ट प्रतिबलाची मदत फारशी पोहोचत नाही. आता रूळ स्थिरावत नाही. प्रत्येक चाक वरच्या थराला त्याच दिशेने कणभर पुढे सरकवते, आणि सरकलेले परत येत नाही. एका चाकामागे ही विकृती मोजण्याइतकीही नसते, पण बेरीज थांबत नाही.

असा रूळ कापून, घासून, आम्लाने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर ही बेरीज दिसते. खोलवर पोलादाच्या घडणीतले, म्हणजे पर्लाइटचे, पदर वाटेल त्या दिशांना पडलेले असतात. वर येता येता ते वाकतात आणि पृष्ठभागालगत जवळजवळ आडवे होतात, पत्त्यांची गड्डी हाताने लोटल्यासारखे. पोलादाची ताणले जाण्याची क्षमता इथे संपलेली असते. तडे या आडव्या पदरांच्या वाटेनेच सुरू होतात. इंजिनाची चाके माथा मागे ढकलतात, म्हणून तडा वरून खाली जाताना गाडीच्या दिशेने पुढे झुकतो.

हा झुकाव घातक ठरतो तो पाण्यामुळे. येणारे चाक आधी तड्याच्या तोंडाशी पोहोचते, तोंड किंचित उघडते, पाणी आत जाते. मग चाक तोंड बंद करून ते पाणी टोकाकडे रेटते. १९३५ मध्ये वे या संशोधकाने केलेल्या प्रयोगांत फिरत्या रोलरांवर खळगे पडायला द्रव लागतो असे आढळले होते. कोरडे घासले तर ते पडत नव्हते. काही मिलिमीटर आडवा गेलेला तडा पुढे कधी खाली वळतो, आणि एकदा वळला की त्याला वाढवायला चाकाचीही गरज उरत नाही. जोडून सलग केलेला रूळ थंडीच्या पहाटे आकसू पाहतो, आकसता येत नाही म्हणून ताणला जातो. रूळ तुटण्याच्या घटना हिवाळ्यात वाढतात त्या यामुळे.

इंग्लंडमध्ये १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफिल्डजवळच्या वळणावर लंडनहून लीड्सला निघालेली गाडी ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जात असताना बाहेरच्या बाजूचा रूळ तीनशेहून अधिक तुकड्यांत फुटला. चार जण गेले. वळणावर चाकाची कड रुळाच्या माथ्याच्या आतल्या कोपऱ्यावर रेलते, संपर्काची जागा लहान होते आणि आडवी घसरणही भर घालते. तडे त्या कोपऱ्यातच होते, आणि ते आहेत हे अपघाताआधीच ठाऊक होते. अशा वेळी अल्ट्रासाउंडने खोली मोजणे अवघड जाते, कारण वरच्या बारीक तड्यांच्या गर्दीवरूनच लहरी परततात आणि त्यांच्या आडोशाला खाली वळलेला तडा दिसत नाही. देशभर शेकडो ठिकाणी वेगमर्यादा घालाव्या लागल्या.

यातला माझ्या मते सर्वांत बोलका भाग झिजेचा आहे. झीज हा तोटा, एवढेच आपण धरून चालतो. पण चाके माथ्याचा वरचा थर खात असतात तेव्हा कोवळे तडेही त्याच्याबरोबर जातात. वळणावर ग्रीस लावले, कठीण माथ्याचा रूळ बसवला, की झीज घटते आणि तडा आपल्या जागी वाढायला मोकळा राहतो. झिजेच्या खर्चात वाचवलेले पैसे मग रूळ बदलण्यात जातात. म्हणून ग्राइंडिंगची गाडी फिरवतात: दगडी चकत्यांनी माथ्यावरचा मिलिमीटरचा काही दशांश थर काढायचा, तडे कोवळे असतानाच. फार काढला तर रुळाचे आयुष्य आपणच खातो. कमी काढला तर तड्याचे टोक खाली शिल्लक राहते. योग्य माप किती, हे त्या वळणावरून किती टन वाहतूक गेली, रूळ कोणत्या पोलादाचा आहे आणि पावसात किती ओला राहतो यावर ठरते, आणि ते दर वळणाला वेगळे येते.