ॲडव्हान्स गणपतीत, मुक्काम नाताळात. मग कर कुठल्या दराने?

मंडळी, भिगवण-कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला येणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे खोली दोन-तीन महिने आधीच धरून ठेवतात. मधल्या काळात कराचा दर बदलला की मालक आणि पाहुण्यात खटका उडतो. 22 सप्टेंबर 2025 ला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच विचारला जातोय. पण भांडण जुनं आहे.

लॉजच्या खोलीवर राज्याचा विलासकर होताच, 1987 च्या कायद्याचा. मे 2011 पासून केंद्राने हजार आणि त्यावरच्या खोल्यांना सेवाकरही लावला. त्याच साली एक महत्त्वाचा बदल झाला. तोवर पैसे हातात आले की सेवाकर भरायचा, एवढाच साधा हिशेब होता. 2011 च्या नियमांनी तो मोडला आणि दर बदलला तर काय करायचं, याचं कोष्टक घालून दिलं. जीएसटी कायद्याच्या कलम 14 मध्ये आज जवळपास तेच कोष्टक आहे.

सोप्या भाषेत सांगायचं तर तीन तारखा बघायच्या: मुक्कामाची, बिलाची आणि पैसे मिळाल्याची. यातल्या दोन ज्या बाजूला, त्या बाजूचा दर. ऑगस्टात नुसता ॲडव्हान्स दिला, मुक्काम आणि बिल दोन्ही डिसेंबरात, तर दर नवा, 5 टक्के. पण ऑगस्टातच पूर्ण पैसे देऊन पक्कं बिलही फाडून घेतलं असेल तर मुक्काम डिसेंबरात असला तरी 12 टक्केच. पाहुण्याला हे पटत नाही, पण कायदा तसाच आहे.

आकड्यात बघा. तीन हजारांच्या दोन खोल्या, दोन रात्री, म्हणजे 12,000 रुपये. 12 टक्क्यांनी कर 1,440, पाच टक्क्यांनी 600. फरक 840 रुपयांचा. हे 840 मालकाने खिशात घालायचे नसतात. कर म्हणून घेतलेला पैसा सरकारात भरावाच लागतो, कलम 76 आहे त्यासाठी. नवा दर लागू होत असेल तर ॲडव्हान्सवर जास्त घेतलेला कर अंतिम बिलात वळता करून द्यायचा. मालकाचीही एक बाजू आहे. पाच टक्क्यांच्या दरात त्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. गाद्या, गिझर, रंगकाम, सगळ्यावरचा जीएसटी त्याच्याच अंगावर. म्हणून दर सात टक्क्यांनी उतरला तरी खोली तेवढी स्वस्त होईलच असं नाही.

दर वाढतो तेव्हा उलटं होतं, आणि त्याची आठवण कुणी काढत नाही. 2017 ला जीएसटी आला तेव्हा हजाराच्या आतली खोली करमुक्त होती. 18 जुलै 2022 पासून तिच्यावर 12 टक्के बसले. माझ्या मते त्या वेळचा फटका खरा गरिबाच्या खोलीला होता. मोठ्या हॉटेलांच्या 28 टक्क्यांचे तर 2019 लाच 18 झाले होते. जून 2022 मध्ये 900 रुपये ठरवून थोडा ॲडव्हान्स घेतलेल्या मालकाचं बिल आणि मुक्काम जुलैनंतर पडला, तर 108 रुपये कर आला. ‘आपलं नऊशेत ठरलंय’ म्हणणाऱ्या पाहुण्याकडून तो मागायचा कसा? बऱ्याच ठिकाणी तो मालकाच्याच पदरचा गेला असणार.

आता उजनीच्या काठावरच्या घरगुती मुक्कामवाल्यांसाठी. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि नोंदणी घेतलेली नसेल, तर तुम्हाला जीएसटी आकारताच येत नाही, ना जुन्या दराने ना नव्या. साध्या पावतीवर ‘जीएसटीसह’ लिहून पैसे घेणं चुकीचंच. बुकिंग ॲपवरून आलं तर तुमच्या वतीने कर भरायची जबाबदारी ॲपवाल्या कंपनीची.

पाहुण्यांनी ॲडव्हान्स देताना मिळालेला कागद नीट बघावा. नोंदणी असलेल्या मालकाने ॲडव्हान्सची वेगळी पावती द्यायची असते, तिला बिल म्हणत नाहीत. दर ठरवताना वाद झाला तर त्या कागदावर ‘पावती’ आहे की ‘बिल’, आणि तारीख कुठली, यावरच सगळं येऊन थांबतं.