अम्लपित्त आणि दुर्बीण : एका निदानाचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात असे काही रोग आढळतात की ज्यांची वेदना पुरातन आहे, परंतु ज्यांचे नाव अर्वाचीन आहे. जठरातील अम्लरस अन्ननलिकेत उलटल्याने होणारा विकार हा त्यांपैकीच एक होय. कोराडीसारख्या गावातील रुग्ण नागपुरास डॉक्टरांकडे जातो आणि 'छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात, निजले की आंबट पाणी घशाशी येते' अशी तक्रार सांगतो; डॉक्टर त्याला 'दुर्बिणीची तपासणी' सुचवितात. रुग्णाचे बोलणे आणि डॉक्टरांची सूचना यांच्यामध्ये बारा-तेरा शतकांचा इतिहास आहे. निदानाचा अधिकार रुग्णाच्या शब्दाकडून तपासणाऱ्याच्या डोळ्याकडे कसा सरकला, आणि त्यात काय साधले व काय निसटले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडील परंपरेत चरक व सुश्रुत यांच्या संहितांनी अम्लपित्ताला स्वतंत्र रोगाचे स्थान दिलेले नाही. काश्यपसंहितेत मात्र त्याचे स्वतंत्र विवेचन आहे, आणि इ. स. ७०० च्या सुमारास माधवकराने रचलेल्या 'माधवनिदाना'त त्यासाठी एक संपूर्ण प्रकरण आहे. अन्नाचा अपाक, मळमळ, कडू-आंबट ढेकर, छाती व कंठ यांचा दाह, अरुची ही लक्षणे तेथे नोंदविली असून ऊर्ध्वग व अधोग असे रोगाचे दोन भेदही केले आहेत. अम्लपित्त म्हणजेच आजचा अम्लप्रत्यावर्तनाचा रोग, असे समीकरण मांडणे अर्थातच धाडसाचे ठरेल. जुन्या संज्ञेची व्याप्ती पुष्कळच मोठी आहे. तथापि हे निदान सर्वस्वी लक्षणांवर, म्हणजे रुग्णाच्या निवेदनावर उभे होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

पाश्चात्त्य वैद्यकातही दीर्घकाळ हीच स्थिती होती. जठररसाने अन्ननलिकेस व्रण पडतात, हे हाइनरिख क्विंके याने १८७९ मध्ये मांडले, ते शवविच्छेदनाच्या आधारे. जिवंत माणसाच्या शरीरात डोकावण्याचे प्रयत्न त्यापूर्वीच सुरू झाले होते. १८६८ मध्ये फ्रायबुर्ग येथे आडोल्फ कुसमाउल याने तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या घशातून सरळ नळी जठरापर्यंत उतरविली. परंतु त्याच्या दिव्याचा उजेड अपुरा पडला. १८८१ मध्ये मिकुलिच याने व्हिएन्ना येथे विजेच्या प्रकाशाचे उपकरण वापरले आणि अन्ननलिकादर्शन खऱ्या अर्थाने शक्य झाले. तरीही नळी ताठच होती. रुग्णास होणारा त्रास आणि अन्ननलिका फाटण्याचा धोका यांमुळे ही तपासणी मोजक्या हातांपुरतीच राहिली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या आशर विंकेलस्टाइन याने पाच रुग्णांच्या आधारे अम्लजन्य अन्ननलिकादाह हा एक नवा रोग म्हणून मांडला. लक्षणे जुनीच होती. नवे होते ते कारणाचे नाव.

डोळ्यांना दिसले म्हणजे कळले, असे मात्र होत नाही. याचे उत्तम उदाहरण नॉर्मन बॅरेट या लंडनच्या शल्यवैद्याच्या मतांत सापडते. अन्ननलिकेच्या खालच्या भागात जठरासारखे अस्तर दिसते, तेव्हा तो भाग म्हणजे छातीत वर ओढले गेलेले जठरच होय, असे त्याने १९५० मध्ये प्रतिपादिले. १९५३ मध्ये अ‍ॅलिसन व जॉन्स्टन यांनी त्या भागाची रचना तपासून, तो अन्ननलिकेचाच भाग असून केवळ त्याचे अस्तर बदललेले आहे, असे दाखवून दिले. १९५७ मध्ये बॅरेटने ते मान्य केले. वैद्यकाने मात्र त्या स्थितीस नाव दिले ते बॅरेटचेच! पुढे या बदललेल्या अस्तराचा अन्ननलिकेच्या एका प्रकारच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झाला आणि दर्शनपरीक्षेचे महत्त्व अनेक पटींनी वाढले.

याच दशकात उपकरणाचे रूपही पालटले. पंजाबातील मोगा येथे १९२६ मध्ये जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडन येथे हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते, हे दाखविणारा निबंध १९५४ च्या जानेवारीत प्रसिद्ध केला. तो वाचून मिशिगन येथे बेसिल हिर्शोविट्झ यांनी सहकाऱ्यांसह १९५७ मध्ये लवचिक जठरदर्शक सिद्ध केला व प्रथम स्वतःच्याच घशातून उतरविला. त्याची दृष्टी बाजूला वळलेली असल्यामुळे अन्ननलिकेसाठी तो फारसा सोयीचा नव्हता. ती उणीव १९६४ मध्ये लोप्रेस्टी यांच्या पुढे पाहणाऱ्या दर्शकाने दूर केली. १९८३ च्या सुमारास तंतूंची जागा टोकावरील सूक्ष्म कॅमेऱ्याने घेतली आणि एकट्या डॉक्टराला दिसणारे दृश्य पडद्यावर सर्वांना दिसू लागले.

सर्वांना दिसू लागल्यावर ते सर्वांनी एकाच भाषेत सांगणे अगत्याचे झाले. १९९४ मध्ये लॉस एंजलिस येथे मांडलेल्या वर्गीकरणाने ती गरज भागविली. अस्तरावरील क्षत ५ मिलिमीटरपर्यंत असल्यास 'अ' श्रेणी, त्याहून लांब असल्यास 'ब', दोन किंवा अधिक वळ्यांच्या माथ्यांना जोडणारे परंतु परिघाच्या ७५ टक्क्यांहून कमी असल्यास 'क', आणि ७५ टक्के वा अधिक परिघ व्यापणारे असल्यास 'ड', अशी ही मोजणी आहे.

परंतु येथेच या इतिहासातील खरी अडचण उभी राहते. जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांची अन्ननलिका दुर्बिणीत निर्दोष दिसते. मग त्यांना रोग नाही असे म्हणावयाचे काय? १९७४ मध्ये जॉन्सन व डीमीस्टर यांनी चोवीस तास अन्ननलिकेतील आम्लता मोजण्याची पद्धती प्रस्थापित केली, तेव्हा दिसत नसलेला रोग मोजता येऊ लागला. अलीकडील आंतरराष्ट्रीय मतैक्यानुसार अन्ननलिका एकूण काळाच्या ६ टक्क्यांहून अधिक काळ आम्लात राहिल्यास रोग निश्चित समजतात, आणि ४ टक्क्यांहून कमी असल्यास ते प्रमाण प्राकृत मानतात. उलट 'अ' श्रेणीचे किरकोळ क्षत केवळ दिसले, एवढा पुरावा आता पुरेसा धरीत नाहीत.

आपल्या देशातील स्थितीही उद्बोधक आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएण्टरॉलॉजी या संस्थेच्या अभ्यासगटाने २०११ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकवर्गात मुंबईच्या शोभना भाटिया अग्रस्थानी होत्या. ३,२२४ व्यक्तींपैकी २४५ जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, आठवड्यातून निदान एकदा जळजळ किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास होत असल्याचे त्यात आढळले. ही गणना दुर्बिणीने नव्हे, तर प्रश्न विचारून केलेली आहे. समाजातील रोगाचा विस्तार मोजावयाचा झाल्यास आजही रुग्णाच्या शब्दाकडेच वळावे लागते.

याचा अर्थ दुर्बिणीचे मोल कमी आहे, असा नव्हे. गिळताना अडकणे, वजन घटणे, रक्तस्राव ही चिन्हे असताना तपासणी लांबणीवर टाकणे म्हणजे कर्करोगास अवधी देणे होय. तेथे डोळ्याला पर्याय नाही. परंतु अस्तर स्वच्छ दिसले एवढ्यावरून 'तुम्हाला काही झालेले नाही' असे सांगून रुग्णास परत पाठविणे, हा पुराव्याचा अतिरेकी अर्थ झाला. माधवकराने लक्षणे ऐकून रोग ओळखला, अर्वाचीनांनी तो पाहिला आणि नंतर मोजला. यांतील प्रत्येक पायरीने मागच्या पायरीत भर घातली आहे. तिची जागा घेतलेली नाही, हाच या निदानाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.