उत्तरेच्या आडवाटा

इतिहासाच्या पुस्तकांत राजमार्गांना मानाचे पान मिळते. शेरशहाचा रस्ता, रोमन लोकांचे दगडी रस्ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु ज्या वाटेने दूध डेअरीपर्यंत पोचते, पोरे शाळेला जातात आणि अडलेली बाळंतीण दवाखान्यात नेली जाते, त्या आडवाटेचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. दिवसाकाठी पाच-पन्नास वाहने जाणारा रस्ता राजधानीच्या खिजगणतीत नसतो. अशा रस्त्यांसाठी चार देशांतले टोकाचे प्रदेश एकत्र आले, त्याची हकीकत मी येथे सांगणार आहे. ती आहे युरोपच्या उत्तर टोकाची, बर्फाच्या मुलखातली. तरीही सीमाभागातल्या वाचकाला ती फारशी परकी वाटू नये. का, ते पुढे ओघाने येईलच.

स्वीडन आणि फिनलंड यांच्यामध्ये टॉर्ने नावाची नदी आहे. १८०९ पर्यंत तिच्या दोन्ही काठांवर एकाच राजाचा अंमल होता आणि दोन्हीकडचे शेतकरी एकच फिनिश बोली बोलत. त्या वर्षी रशियाशी झालेल्या युद्धात स्वीडन हरला, फिनलंड झारच्या ताब्यात गेला आणि तहाच्या कागदावर नदी हीच सीमा ठरली. १६२१ साली वसलेले तोर्निओ हे व्यापाराचे गाव रशियाच्या वाट्याला गेले, तेव्हा स्वीडनने जवळच हापारांडा हे नवे गाव वाढवले. पुढे स्वीडिश बाजूच्या शाळांतून मुलांच्या तोंडी घरची बोली नकोशी मानली जाऊ लागली. त्या बोलीला तिकडे ‘मेआनकिएली’ म्हणतात; अर्थ इतकाच की ‘आमची भाषा’. तिला स्वीडनने अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता दिली ती २००० साली. रस्त्याचेही तसेच. ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत स्वीडनमध्ये वाहने डावीकडून चालत आणि फिनलंडमध्ये उजवीकडून. सीमा ओलांडली की गाडीवानाला बाजू बदलावी लागे. राज्य बदलते तेव्हा किती बारीकसारीक गोष्टी बदलतात, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

या मुलखाचा विस्तार आणि वस्ती यांचा मेळ डोळ्यांपुढे आणणे आपल्याला कठीण जाते. फिनलंडचा लॅपलंड प्रांत सुमारे १ लाख चौरस किलोमीटरचा, आणि त्यात माणसे दोन लाखांच्या आत. आपला बेळगाव जिल्हा सुमारे १३ हजार चौरस किलोमीटरचा, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती सुमारे ४८ लाख भरली. तेव्हा लॅपलंडात एखाद्या खेड्याकडे जाणारा रस्ता म्हणजे बहुधा एकच रस्ता. तो बंद पडला तर दुसरी वाट नाही.

आता गंमत अशी की हे रस्ते कडाक्याच्या थंडीत बिघडत नाहीत. उलट गोठलेली जमीन दगडासारखी टणक होते आणि लाकडाने भरलेले ट्रक तिच्यावरून बिनघोर जातात. रस्ता बिघडतो तो थंडी सरताना, वसंतात. बर्फ वरून वितळू लागते. हातभर खाली जमीन अजून गोठलेलीच असते. सुटलेले पाणी खाली मुरू शकत नाही आणि बाजूला जायला वाट मिळाली नाही तर वरची खडी आणि माती यांची लापशी होते. या दिवसांना स्वीडिश लोक ‘शेललोसनिंग’ म्हणतात, नॉर्वेत ‘तेलेलोसनिंग’ म्हणतात आणि फिनिश भाषेत शब्द आहे ‘केलिरिक्को’. तीन भाषांनी एकाच चिखलाला तीन नावे दिली. ज्या गोष्टीला घरगुती शब्द असतो, ती त्या घराने पिढ्यानपिढ्या सोसलेली असते.

पण हे घडते का, याचा उलगडा व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून रस्ता उचलला जातो, असे सर्वजण धरून चालले होते. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात स्टीफन टेबर नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ होते. तो प्रांत तसा उबदार. पण १९२९-३० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ही समजूत मोडली. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझिन घातले. बेंझिन गोठताना आकसते. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे दोष फुगण्याचा नव्हता. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढले जाते आणि तेथे बर्फाच्या चकत्या साठत जातात. वसंतात त्या वितळल्या की मुळात होते त्याहून कितीतरी जास्त पाणी रस्त्याच्या पोटात मोकळे होते.

याच प्रश्नावर स्वीडनमध्ये गुन्नार बेस्को काम करत होते. कोणती माती उचलली जाते आणि कोणती नाही, याचा त्यांनी बारकाईने माग काढला. जाड वाळूत पाणी वर चढत नाही, घट्ट चिकणमातीत ते फार सावकाश चढते. सर्वांत घातकी ती या दोहोंमधली बारीक गाळमाती. त्यांचा ग्रंथ १९३५ साली स्वीडिशमध्ये निघाला. स्वीडिश जाणणारे इंजिनियर जगात किती असणार? अमेरिकेत ऑस्टरबर्ग यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९४७ साली आले, तेव्हा कुठे हे ज्ञान जगाच्या हाती पडले. एका भाषेतले शहाणपण दुसऱ्या भाषेत पोचायला १२ वर्षे लागली. भाषांतर करणाऱ्याचे नाव रस्त्याच्या कोनशिलेवर कोरले जात नाही, पण रस्त्याच्या इतिहासात त्याला जागा असायला हवी.

वस्तुतः उत्तरेकडच्या या देशांतली देवाणघेवाण त्याहूनही जुनी. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात रस्ते आणि पूल बांधण्यासाठी १८०३ साली सरकारी आयोग नेमला गेला. त्याचे इंजिनियर थॉमस टेलफर्ड यांनी तेथे नऊशे मैलांहून अधिक रस्ते बांधले. याच टेलफर्डना १८०८ साली स्वीडनने गोटा कालव्याच्या आखणीसाठी बोलावून घेतले. त्यांचेच समकालीन आणि देशबांधव जॉन लाउडन मॅकॅडम. आपल्या बांधकाम खात्यात आणि ठेकेदारांच्या तोंडी ‘मॅकॅडम’ हा शब्द रोजचा आहे. तो एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की वाहनाचे ओझे शेवटी खालची मूळ जमीनच पेलते. तेव्हा ती कोरडी ठेवा, म्हणजे रस्ता टिकेल.

कोरडी ठेवायची तर कोणीतरी रोज चर पाहिली पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्याकडच्या रस्त्यावर मैलकुली असे. त्याचा मैल ठरलेला. पावसाळ्याच्या तोंडाशी तो फावडे घेऊन चर उपसताना आणि मोरीच्या तोंडचा पालापाचोळा काढताना दिसे. अशी माणसे तिकडेही होती: इंग्रजी मुलखात ‘लेंग्थ्समन’, नॉर्वेत ‘वेगवोक्टर’, म्हणजे रस्त्याचा राखणदार. पुढे यंत्रे आली, ही माणसे कमी झाली, आणि नेमक्या त्याच काळात रस्त्यावरचे ओझे वाढत गेले. पूर्वी जंगलातले ओंडके नदीतून वाहत खाली येत. स्वीडनच्या क्लार नदीवरची शेवटची ओंडक्यांची वाहतूक १९९१ साली थांबली आणि लाकूड रस्त्यावर आले. फिनलंडने १९९३ साली ट्रकच्या एकूण वजनाची मर्यादा ६० टनांवर नेली आणि २०१३ साली ती ७६ टन केली. आडवाट मात्र तीच राहिली, आजोबांच्या काळी घोडागाडीसाठी आखलेली.

रस्त्यांविषयी देशोदेशींच्या परिषदा तोवर होत नव्हत्या असे नाही. पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९०८ साली पॅरिसला भरली. उत्तरेच्या देशांनी १९३५ साली आपली स्वतंत्र रस्ते संघटना काढली. कमी वाहतुकीच्या रस्त्यांवर खास परिषद भरायला मात्र १९७५ साल उजाडले; ती अमेरिकेत बॉइसी येथे झाली. मोठ्या परिषदांत बोलबाला असतो तो मोठ्या रस्त्यांचा. जेथे पैसा वाहनांच्या संख्येवर वाटला जातो, तेथे आडवाट नेहमीच हरते.

१९९५ साली स्वीडन आणि फिनलंड युरोपीय संघात आले. नॉर्वेच्या जनतेने त्याच्या आदल्याच वर्षी नकार दिला होता. तरीही संघाने आपल्या उत्तर कडेच्या प्रदेशांसाठी जो कार्यक्रम आखला, त्यात नॉर्वे सामील झाला. त्यातून १९९८ साली ‘रोडेक्स’ हा उपक्रम सुरू झाला. फिनलंडचा लॅपलंड, स्वीडनचा नॉरबोटन, नॉर्वेचा ट्रोम्स आणि स्कॉटलंडचा हायलंड असे चार भागीदार. मला महत्त्वाचे वाटते ते हे की येथे चार राजधान्या एकत्र आल्या नव्हत्या, तर चार कडेचे प्रदेश आले होते. प्रत्येकाने आजवर आपले गाऱ्हाणे दूरच्या राजधानीत नेले होते. आता ते शेजाऱ्याकडे पाहू लागले. टप्प्याटप्प्याने हे काम २०१२ पर्यंत चालले आणि आइसलंड, ग्रीनलंड, आयर्लंड हेही त्यात आले.

त्यांनी काय शोधले? जमिनीत लहरी सोडून रस्त्याच्या पोटातले थर दाखवणारी रडारयंत्रे त्यांनी गाडीला बांधून रस्तोरस्ती फिरवली. पण एवढ्या यंत्रसामग्रीतून जो मुख्य निष्कर्ष निघाला, तो मैलकुलीला ठाऊक असलेलाच होता: चर साफ ठेवा. फरक इतकाच की आता त्याला आकडा मिळाला. पाण्याचा निचरा सुधारला तर डांबरी थराचे आयुष्य दीडपट ते दुप्पट होते. नव्या रस्त्याच्या खर्चापुढे चर उपसण्याचा खर्च तो काय! आणखी एक गोष्ट दिसली. पुष्कळ ठिकाणी पाणी तुंबते ते सरकारी मोरीपाशी नव्हे, तर घराकडे किंवा शेताकडे वळणाऱ्या वाटेखालच्या नळीपाशी. ती मालकाची, म्हणून खाते पाहत नाही. ती रस्त्यात, म्हणून मालक पाहत नाही. हे वाचताना मला आपल्याकडच्या किती घरांपुढच्या फरश्या आठवल्या, ते सांगायला नको.

सगळीकडे एकच औषध लागू पडले असेही नाही. स्कॉटलंड आणि आयर्लंड येथे पुष्कळ रस्ते पीटवर, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या खोल दलदलीवर अक्षरशः तरंगतात. तेथे रस्त्याला खेटून खोल चर खणली तर आधारच निघून जातो आणि रस्ता खचतो. वसंतातल्या वजनबंदीबाबतही एकमत नव्हते. फिनलंड आणि स्वीडन चिखलाच्या दिवसांत जड वाहने अडवत. नॉर्वेने ही सरसकट बंदी १९९५ साली उठवली होती. वाहने अडवली तर गिरणीचे लाकूड अडते आणि सोडली तर रस्ता जातो. शेजाऱ्याने काय केले आणि त्याचे पुढे काय झाले, हे पाहता येणे हाच अशा सहकार्याचा खरा लाभ.

फिनलंडमधली आणखी एक रीत उल्लेखनीय आहे. तेथे सुमारे साडेतीन लाख किलोमीटर खाजगी वाटा आहेत आणि पुष्कळ वाटा गावकऱ्यांच्या रस्तामंडळींकडे असतात. ज्याची जमीन जास्त, ज्याची ये-जा जास्त, त्याचा वाटा जास्त, असा हिशेब कायद्यानेच घालून दिलेला आहे. वर्षातून एकदा बैठक होते, पैसे ठरतात, काम ठरते. रस्ता ‘सरकारचा’ न राहता ‘आमचा’ होतो, तेव्हा मोरी तुंबलेली कोणाला पाहवत नाही.

आपल्याकडे जमीन गोठत नाही. पण काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि चर बुजलेली असली की पहिल्याच पावसात डांबराखालची खडी सुटते. कारण बर्फ असो वा पाऊस, रस्ता मारणारे पाणी तेच. आपल्या सीमाभागात एक राज्य संपून दुसरे सुरू झाले की रस्त्याचे डांबर बदलते, पाट्यांवरची लिपी बदलते. पाणी मात्र कोणाची हद्द आहे हे विचारत नाही; ते उतार पाहून वाहते. अलीकडच्या गावाने चर बुजवली तर पलीकडच्या गावचा रस्ता खचतो. भाषेचा आणि हद्दीचा वाद आपल्या जागी आहे, तो सुटेल तेव्हा सुटेल. टॉर्ने नदीच्या काठीही मनातली सगळी सल गेलेली नाही. पण तेथल्या माणसांनी चिखलासाठी तो वाद सुटण्याची वाट पाहिली नाही.

ब्रिटन २०२० साली युरोपीय संघातून बाहेर पडला. राजधान्यांचे करार होतात आणि मोडतात. स्कॉटलंडच्या इंजिनियराने लॅपलंडच्या इंजिनियराकडून जे शिकले, ते काही परत करता येत नाही. दिवाळीला पाऊस ओसरलेला असतो आणि रस्त्यांची कामे निघण्याचा हाच हंगाम. सणाला गावी जाताना वाचकांनी खड्डे तर मोजावेतच, पण खड्ड्याच्या शेजारची चर कुठे बुजली आहे, तेही जरा उतरून पाहावे. ती कोणाच्या हद्दीत येते, हे नंतर विचारता येईल.