मिशमॅश : एका शब्दक्रीडेचे पूर्ववृत्त

ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करणारे आणि ल्युइस कॅरोल या नावाने जगन्मान्य झालेले चार्ल्स डॉजसन यांनी, एकेक अक्षर पालटत एका शब्दावरून दुसऱ्यावर जाण्याचा ‘डब्लेट्स’ हा खेळ 1879 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’मधून रूढ केल्यावर, 1881 मध्ये ‘मंथली पॅकेट’ मासिकात ‘मिशमॅश’ प्रसिद्ध केला. तारुण्यात कुटुंबीयांसाठी सिद्ध केलेल्या हस्तलिखित संग्रहालाही त्यांनी हेच नाव दिले होते. एकाने काही अक्षरांचे बीज मांडावे, दुसऱ्याने ते जसेच्या तसे पोटात वागविणारा, शिष्टसमाजास परिचित शब्द शोधावा, विशेषनामांस मज्जाव, हा ‘मिशमॅश’ खेळाचा मुख्य कायदा.

कोश आद्याक्षरानुसार रचलेला असल्यामुळे येथे त्याची मदत जवळजवळ शून्य, आणि म्हणूनच मला हा खेळ स्मरणशक्तीची अत्यंत प्रामाणिक परीक्षा वाटतो. ‘जी-पी’ ही जोडी प्रथमदर्शनी अशक्यच भासते. परंतु ‘मॅग’ आणि ‘पाय’ यांच्या सांध्यावर, ‘मॅगपाय’ या पक्षिनामात, ती सहज नांदते. ‘आय-एम-एस-ई’ हे बीजही ‘हिमसेल्फ’च्या सांध्यावरच सापडते, दीर्घ सामासिक शब्दांत असे सांधे विपुल असल्याने चतुर खेळाडू प्रथम त्यांचाच धांडोळा घेतो.