पंडिता रमाबाईंनीं पाहिलेली अमेरिका

परदेश पाहून आलेला मनुष्य बहुधा दोनच गोष्टी सांगतो : तिकडच्या इमारती किती उंच आणि आपण किती मागासलेले. याहून अधिक खोल पाहतां येतें, हें मराठींत एका बाईनें १८८९ सालींच दाखवून ठेवलें आहे. पंडिता रमाबाईंचें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक त्या वर्षीं मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापलें गेलें. परंतु बाईंच्या धर्मांतराचा वाद एवढा माजला कीं, वाद लोकांच्या ध्यानांत राहिला आणि पुस्तक कपाटांत राहिलें.

रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या व तेथेंच त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ च्या फेब्रुवारींत त्या लिव्हरपूलहून बोटींत बसल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास जाण्यासाठीं. ११ मार्च रोजीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आनंदीबाई डॉक्टर झाल्या. बिचाऱ्या आनंदीबाई वर्षाच्या आंतच पुण्यास वारल्या. रमाबाई मात्र अमेरिकेंत १८८८ अखेरपर्यंत राहिल्या. त्यांनीं किंडरगार्टनची शिक्षणपद्धति अभ्यासिली, ठिकठिकाणीं व्याख्यानें दिलीं आणि हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत एक पुस्तक लिहून १८८७ सालीं प्रसिद्ध केलें.

इंग्रजांचें राज्य झुगारून देणारें राष्ट्र पाहणारी ही बाई स्वतः इंग्रजांचीच प्रजा होती, हें त्यांचें मराठी पुस्तक वाचतांना विसरूं नये. राजावांचून राज्य कसें चालतें, हें त्या मोठ्या आवडीनें समजावून सांगतात. तरी त्यांचे डोळे दिपले नाहींत. त्या भूमीच्या मूळच्या रहिवाशांना गोऱ्यांनीं कसें हांकलून लाविलें, गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाल्यावरही काळ्या माणसाचा तिरस्कार कसा टिकला, हेंही त्यांनीं लिहिलें आहे. टोप्यांवरील पिसांच्या हौसेपायीं पक्षी मारणाऱ्या फॅशनवरही त्यांनीं टीका केली आहे. घरगुती जीवनाचें कौतुक मात्र कोठें कोठें वाजवीपेक्षां अधिक झालें आहे, असें मला वाटतें. ज्यांच्या घरीं पाहुणचार घ्यावा, त्यांचे दोष सहसा दिसत नाहींत!

पण पुस्तकाचा गाभा वेगळाच आहे. बाईंना खरी भुरळ पडली ती स्त्रियांच्या संस्थांची. १८७४ सालीं स्थापन झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघाच्या शाखा गांवोगांवीं पसरल्या होत्या. त्यांत घरकाम सांभाळून येणाऱ्या साध्या गृहिणी सभा चालवीत, चिटणीस निवडीत, वर्गणीचा हिशेब ठेवीत आणि कायदेमंडळाकडे अर्ज धाडीत. गंमत अशी कीं, यांतील बहुतेकींना मताचा अधिकारच नव्हता. वायोमिंग प्रांतानें १८६९ सालीं स्त्रियांस मत दिलें होतें. सबंध राष्ट्राच्या घटनेंत तो हक्क यावयास १९२० साल उजाडलें. आमच्या मुंबई इलाख्यानें १९२१ सालीं, म्हणजे अवघ्या एका वर्षानें, स्त्रियांना मत दिलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेवणाऱ्या रमाबाईंच्या हयातींतच हें दोन्ही घडलें.

मत नसतां संघटना करतां येते, हा धडा बाईंनीं नुसता लिहून ठेवला नाहीं. त्यांच्याच खटपटीनें डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन येथें एक मंडळ स्थापन झालें आणि हिंदुस्थानांतील विधवांच्या शाळेस दहा वर्षें द्रव्यसाह्य करण्याचें त्यानें मान्य केलें. कोणत्याही धर्माचा प्रचार तेथें करावयाचा नाहीं, असें ठरलें होतें. पुढें त्यावरूनच मोठें वादळ झालें, तो विषय आज नको. जपानच्या मार्गानें मुंबईस परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं बाईंनीं शारदासदन उघडलें. आनंदीबाईंना पदवी मिळाली तो दिवसही ११ मार्चच. गोदूबाई नांवाची एक तरुण विधवा या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होती. महर्षि कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई त्या ह्याच.

म्हणजे आधीं शाळा निघाली आणि अमेरिकेवरील पुस्तक त्याच वर्षीं तिच्या मागून आलें. तें लिहिलें मराठी वाचकांसाठीं, आणि विशेषेंकरून मराठी बायकांसाठीं. ज्या देशाचें त्यांत वर्णन आहे, त्या देशाच्या लोकांना आपलें हें चित्र इंग्रजींत पाहावयास मात्र २००३ सालापर्यंत थांबावें लागलें. तेव्हां मीरा कोसंबी यांनीं त्याचें भाषांतर प्रसिद्ध केलें.