पुलाखालचा पत्ता

कागदावर अंतर आखणे सोपे; त्या अंतरापलीकडे माणसाला राहावयास जागा उरते की नाही, हे पाहणे कठीण. लैंगिक गुन्हेगारांविषयीच्या अमेरिकन कायद्यांचा इतिहास आम्ही पाहू लागलो, तेव्हा हीच गोष्ट वारंवार प्रत्ययास आली.

अशा गुन्हेगारांची राज्यव्यापी नोंदवही प्रथम १९४७ साली कॅलिफोर्नियाने सुरू केली. ती पोलिसांपुरती होती. १९९४ मध्ये न्यू जर्सी राज्यात सात वर्षांच्या मेगन नावाच्या मुलीची हत्या झाली. मारेकरी समोरच राहणारा, अशाच गुन्ह्यांत पूर्वी शिक्षा झालेला मनुष्य होता. शेजारी कोण राहतो हे आम्हांला कळावे, ही आईबापांची मागणी रास्तच होती. १९९६ च्या 'मेगनच्या कायद्या'ने ती मान्य केली.

परंतु कळण्याने लोकांचे समाधान झाले नाही. आयोवा राज्याने २००२ मध्ये शाळा व शिशुगृहे यांपासून २,००० फुटांच्या आत अशा गुन्हेगारांना राहण्यास मनाई केली. मायामी-डेड परगण्याने २००५ मध्ये शाळांपासून २,५०० फुटांचे अंतर ठरविले. दाट वस्तीच्या शहरात अशी वर्तुळे काढली म्हणजे नकाशा भरून जातो. मायामीत ज्यूलिया टटल पुलाखाली तंबूंची व झोपड्यांची वसाहत उभी राहिली आणि कित्येकांच्या सरकारी कागदपत्रांत तो पूल हाच पत्ता ठरला! २०१० मध्ये वसाहत उठविली गेली. नियम मात्र राहिला.

आयोवातील सरकारी वकिलांच्या संघटनेनेच २००६ मध्ये या नियमाविरुद्ध मत दिले. मुलांवरील बहुतेक अत्याचार नात्यातील वा ओळखीची माणसे करतात, आणि निवाऱ्याला मुकलेला गुन्हेगार पोलिसांच्या नजरेआड होतो, हे त्यांचे म्हणणे होते. २००९ मध्ये आयोवाने नियमाची व्याप्ती कमी केली. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन डिएगो परगण्यातील पॅरोलवरील गुन्हेगारांपुरती अशी सरसकट मनाई घटनाबाह्य ठरविली.

आपल्या देशाला नोंद आणि निर्बंध ही जोडी अपरिचित नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे नोंदविली व त्यांची हालचाल बांधली. याच कायद्यात केवळ संशयावरून हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्याच परंपरेतील. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. अमेरिकेतील नोंद न्यायालयात सिद्ध झालेल्या अपराधाची असते. हा भेद मोठा आहे आणि तो पुसून चालणार नाही.

तथापि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची हयात दप्तर सांभाळण्यात गेली आहे. मनुष्य कोठे आहे हे ठाऊक असावे, यासाठी नोंद ठेवावयाची. ज्या नियमामुळे तो बेपत्ता होतो, तो नियम त्या नोंदीलाच निरुपयोगी करतो, आणि ज्या बालकांसाठी हा खटाटोप केला ती पूर्वीइतकीच असुरक्षित राहतात.